खोक्यातला दणका

सोलापूरला मिरवणुकांचा तोटा नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयांचा रथ. शिवाय गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती आहेतच. लेझीम आणि हलग्या असायच्या त्या जागी पुढे अनेक मंडळांनी ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी केली. तिच्यावर लिहून येतं ते आवाजाबद्दल. ती बांधली कशी जाते, याकडे कुणी फारसं बघत नाही.

भिंतीतला 18 इंची स्पीकर विकत आणायचा. खोकं मात्र बऱ्याचदा सुताराकडून करून घेतलेलं असतं. 18 मिलिमीटर प्लाय, आतून आडवे टेकू, फटी फेव्हिकॉलने बुजवलेल्या, पुढे लोखंडी जाळी. रीत ठरलेली: कुणाचं तरी चांगलं वाजणारं खोकं गाठायचं, टेप लावून मापं घ्यायची, तसंच दुसरं ठोकायचं. गोची इथेच होते. माप खोक्याचं घेतलं जातं, स्पीकर मात्र वेगळाच बसतो.

खोकं आणि स्पीकर यांचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडलं आणि 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुरं केलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो. भोक ठेवलेल्या खोक्याचंही तेच. भोकातली हवा हे वजन, आतली हवा ही स्प्रिंग. हा सूर स्पीकरच्या स्वभावाशी जुळवावा लागतो. कोन मोकळ्या हवेत किती हर्ट्झला डोलतो, चुंबक त्याला किती आवरतो, त्याचा ताठपणा किती लिटर हवेइतका आहे, हे तीन आकडे हाती असले तर खोकं दीडशे लिटरचं हवं की अडीचशेचं, हे करवतीला हात लावण्याआधीच कळतं. डब्यावर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये, कारण बाजारात नकली माल फार. लॅपटॉप, एक रेझिस्टर आणि कोनावर चिकटवायला माहीत असलेलं वजन, एवढ्यात हे आकडे घरी काढता येतात. या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी पायरी हीच, असं माझं मत.

वॉटचं वेड ही दुसरी गोची. बोली वॉटवर लागते, पण कान वॉट ऐकत नाहीत. एका वॉटला एक मीटरवर 97 डेसिबल देणारा स्पीकर चांगला समजला जातो, आणि तोसुद्धा विजेतला सुमारे 3 टक्केच भाग आवाजात बदलतो. म्हणजे 1000 वॉट दिले तर जेमतेम 30 वॉटचा आवाज, उरलेली सगळी उष्णता. ती कॉइलमध्ये साठते. कॉइल 200 अंशांनी तापली की तांब्याचा विद्युतरोध जवळपास पावणेदोन पट होतो आणि स्पीकर ॲम्प्लिफायरकडून तेवढी वीज घेईनासा होतो. आवाज उतरला म्हणून ऑपरेटर बटण आणखी फिरवतो, आणि रात्री कधीतरी कॉइल जळते. 14 एप्रिलच्या सोलापुरी उन्हात ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. त्यात खोक्याच्या सुराखालचे हर्ट्झ कापणारा फिल्टर नसेल, तर कोनाला आवरायला आतली हवाही उरत नाही. तो नुसता पुढे-मागे हापटत राहतो.

हॉर्नचं खोकं कमी विजेत जास्त आवाज देतं, पण जागा मागतं. 40 हर्ट्झची लाट सोलापूरच्या उन्हाळी हवेत पावणेनऊ मीटर लांब. तिचा चौथा हिस्सा म्हणजे सव्वादोन मीटरचा मार्ग घड्या घालून खोक्यात बसवायचा. प्लाय जास्त, वजन जास्त, उचलायला चार माणसं. एवढ्या खटाटोपापेक्षा आणखी दोन साधी खोकी रचणं सोपं, म्हणून भिंत वाढत जाते.

आणि तिथेच ती कायद्याला धडकते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. वरच्याच स्पीकरला 1000 वॉट द्या: कागदावर एक मीटरवर 127, उघड्या मैदानात दहा मीटरवर 107. हा एका खोक्याचा हिशेब झाला. 2025 मध्ये शहरात डीजेविरोधी मोहिमेने जोर धरला आणि प्रशासनानेही बंदीचा आदेश काढला, त्यात नवल नव्हतं.

नेमक्या आराखड्याने यातलं थोडं सुटतं. बेसच्या तीन खोक्यांपैकी एक उलटं फिरवायचं, त्याची ध्रुवता उलटी करायची आणि पुढच्या-मागच्या तोंडांमधल्या अंतराला मीटरमागे सुमारे तीन मिलिसेकंद या हिशेबाने त्याचा सिग्नल उशिरा सोडायचा. पुढचा आवाज थोडाच उतरतो, मागचा मात्र दहा-पंधरा डेसिबलने पडतो. मैदानातल्या कार्यक्रमात स्टेजमागच्या वस्तीला त्याने खरंच आराम मिळतो. पेठेतल्या अरुंद रस्त्यावर मात्र समोरच्या आणि बाजूच्या इमारतींवर आपटून तोच बेस मागे येतो. 40 हर्ट्झ विटांच्या भिंतीला फारसं जुमानत नाही, आणि बंद खिडकीला तर मुळीच नाही. तिथे डेसिबल कमी करायची युक्ती एकच: खोकी कमी आणायची.