आत हिरे नव्हते

टोकियोत सिनेमाचे कॅमेरे आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या गोरो योशिदांनी एकदा लायका कॅमेरा पार सुटा करून पाहिला. आत काय निघालं? पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड, थोडं रबर. हिरे-माणकं काही नव्हती. मग या मालाचे एवढे पैसे कसले, म्हणून राग आला, असं पुढे त्यांनीच सांगून ठेवलंय. कॅननची सुरुवात या रागातून झाली.

१९३३मध्ये योशिदा आणि त्यांचे मेहुणे साबुरो उचिदा यांनी रोप्पोंगीत छोटीशी प्रयोगशाळा थाटली. पैशाला आधार दिला प्रसूतितज्ज्ञ डॉ. ताकेशी मिताराई यांनी. डोळ्यांसमोर नमुना होता लायका-२चा. जून १९३४च्या ‘आसाही कॅमेरा’ मासिकात जाहिरात आली, तिचा सूर असा, की पाणबुडी, विमान आणि कॅमेरा, तिन्हींत जपान जगात पहिला. त्या कॅमेऱ्याचं नाव ‘क्वानॉन’. विक्रीला तो कधी आलाच नाही, नमुन्यावरच थांबला.

नावापाशी मात्र आपण जरा थांबायला हवं. क्वानॉन म्हणजे जपानी कान्नोन, म्हणजेच अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तोच, आणि कान्हेरीच्या ४१व्या लेण्यातली अकरा मुखांची मूर्तीही त्याचीच. योशिदांची कान्नोनवर श्रद्धा होती. बोधचिन्हात त्यांनी सहस्रभुज कान्नोन बसवला, भोवती ज्वाळा काढल्या आणि लेन्सला बुद्धशिष्य महाकाश्यपावरून ‘कास्यापा’ म्हटलं. करुणेने जगाकडे पाहणाऱ्याचं नाव कॅमेऱ्याला द्यावं, याहून सुंदर बारसं मला तरी माहीत नाही.

पण पाहणं अवघड असतं, निदान लायका-२सारख्या कॅमेऱ्यातल्या रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे अंतर जुळवायच्या यंत्रणेत. कॅमेऱ्याच्या कपाळावर थोड्या अंतराने दोन खिडक्या असतात. दोन्हींतलं दृश्य आरशांतून आणि प्रिझममधून एकाच डोळ्यापाशी येतं. मधल्या फिकट ठिपक्यात समोरच्या माणसाला दोन नाकं दिसतात. लेन्स फिरवत गेलं की तिची मागची कड आतली तरफ ढकलते, तरफ आरसा किंचित वळवते, आणि एक नाक सरकत सरकत दुसऱ्यावर जाऊन बसतं. बसलं की अंतर जुळलं. आरसा केसभर जरी हलला असेल, तरी डोळ्याला चित्र एकच दिसेल आणि फिल्मवर चेहरा धूसर उमटेल.

ही अचूकता कॅमेरा खोलून हाती लागत नाही. पितळ कापता येतं, स्क्रूचे आटे मोजता येतात. भिंग घासण्याची विद्या मात्र वर्षानुवर्षं हातात मुरावी लागते. योशिदांच्या रागाचं मोल मी कमी करत नाही, त्या रागाशिवाय कुणी सुरुवातच केली नसती. पण किंमत कशाची होती, ते सुट्या भागांच्या ढिगात दिसणारं नव्हतं.

प्रयोगशाळेने मग निप्पोन कोगाकू या कंपनीचं दार ठोठावलं. हीच पुढची निकॉन. लेन्स, लेन्सची बैठक आणि रेंजफाइंडरची भिंगं तिने पुरवली. १९३५मध्ये ‘कॅनन’ या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज गेला: उच्चार क्वानॉनच्या जवळचा, जगात कुठेही चालेल असा. त्यानंतर ‘हान्सा कॅनन’ बाजारात आला, किंमत २७५ येन, लायकाहून बरीच कमी. योशिदा १९३४मध्येच बाहेर पडले होते.

त्या पहिल्या कॅननचा दृश्यदर्शक (व्ह्यूफाइंडर) बटण दाबलं की टपकन वर उसळतो. आणि लेन्सच्या कड्यावर, काचेला अगदी लागून, बारीक अक्षरांत कोरलंय: निप्पोन कोगाकू, निक्कोर.