घरातला ‘का?’ गप्प करू नका

आपले कितीतरी कार्यकर्ते सभेत तासभर व्यवस्थेला जाब विचारतात. घरी मात्र तीन वर्षांच्या पोराने चौथ्यांदा ‘का?’ म्हटले की ओरडतात, ‘‘गप्प बस, डोकं खाऊ नकोस!’’ ही विसंगती किरकोळ नाही.

रत्नागिरी जिल्ह्याला प्रश्न विचारण्याचा वारसा आहे. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहिले आणि 1888 साली ‘विटाळ विध्वंसक’ लिहून त्यांनी अस्पृश्यतेच्या समर्थकांपुढे प्रश्नच टाकले. त्याच दापोलीत 1890 च्या दशकात निवृत्त महार सैनिकांना मुलांच्या शाळाप्रवेशासाठी सरकारकडे दाद मागावी लागली. प्रवेश मिळाला, पण मुलांना बसवले व्हरांड्यात. व्हरांड्यातले मूल गुरुजींना शंका कशी विचारणार? ज्यांना पिढ्यान् पिढ्या गप्प बसवले, त्यांनी आपल्याच पोरांना गप्प बसवावे काय?

लहान मूल तेच ते विचारते, कारण कालचे उत्तर आजही तेच आहे का, हे ते तपासत असते. कधी त्याला वेगळेच विचारायचे असते, पण शब्द सापडत नाहीत. कधी त्याला फक्त आपल्याशी बोलायचे असते. कोर्टात वकील तोच प्रश्न फिरवून विचारतो, त्याला आपण उलटतपासणी म्हणतो. पोराने विचारला की तो हट्ट कसा?

बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी इंग्लंडमधील चार वर्षांच्या आसपासच्या 30 मुलींचा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध केला. मुली घरी आईला तासाला सरासरी 26 प्रश्न विचारत, बालवाडीत अवघे 2. कामगारांच्या घरांतही आई-मुलींचे बोलणे शिकवणारे होते. म्हणजे कमी शिकलेल्या आईच्या बोलण्यातून पोर काही शिकत नाही, हा समज खोटा आहे.

मग करायचे काय? उत्तर छोटे आणि खरे द्या. मिरकरवाड्याच्या बोटी कुठे गेल्या? मासे पकडायला. पुन्हा विचारले तर पुन्हा तेच सांगा. तिसऱ्यांदा विचारा, ‘‘तुला काय वाटतं?’’ माहीत नसेल तर ‘‘मला माहीत नाही, आपण शोधू’’ म्हणा. हातात काम असेल तर ‘‘भाकऱ्या झाल्या की सांगते’’ म्हणा आणि शब्द पाळा. ‘देवाची करणी’ किंवा ‘बागुलबुवा येईल’ ही उत्तरे नव्हेत, ती तोंड बंद करण्याची साधने आहेत. हातात मोबाईल कोंबणे हेही त्यातलेच.

कोकणात कितीतरी घरांत बाप मुंबईला असतो. सगळे प्रश्न आई-आजीच्या अंगावर पडतात. दमलेल्या बाईला उपदेश नको, तिचा भार वाटून घ्या. फोनवर घरखर्चाचा हिशेब झाला की बापाने पोराचे चार प्रश्नही ऐकावेत.

प्रश्न समजून सुसंगत उत्तर देणाऱ्या लहान मुलाची साक्ष कायदा ग्राह्य धरतो; वयाची किमान अट नाही. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 51-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ते कर्तव्य चुलीपाशीच सुरू होते. तिसऱ्या वर्षी ज्याचा ‘का?’ दाबला, तो अठराव्या वर्षी ग्रामसभेत उभा राहून जाब कसा विचारणार?