आरोग्य-नोंदींची प्रमाणे आणि त्यांचा समन्वय : वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

(१)

दशमान पद्धती स्वीकारली जाण्यापूर्वी आपल्या देशात ‘मण’ हा शब्द सर्वत्र प्रचलित होता; परंतु मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा, तर बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा होता. मुंबईच्या व्यापाऱ्याने कलकत्त्याच्या अडत्यास ‘शंभर मण’ असे लिहून पाठविले, तर पत्र वेळेवर पोहोचे, अक्षर स्वच्छ वाचता येई, शब्दही ओळखीचा असे. आणि तरीही व्यवहार फसण्याची शक्यता शिल्लक राही. १९५६ च्या वजने व मापे प्रमाणित करणाऱ्या कायद्याने ही अडचण दूर केली. पत्र पोहोचणे, ते वाचता येणे आणि त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातील अर्थाशी जुळणे ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आरोग्यविषयक माहितीच्या देवघेवीचा प्रश्न समजून घेताना हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. संगणकांच्या जाळ्यामुळे पहिली गोष्ट आज सुलभ झाली आहे. दुसरी पुष्कळशी साधली आहे. तिसरी मात्र अद्याप पुरती हाती आलेली नाही.

(२)

ह्या प्रश्नाचा विचार वसई-विरारच्या संदर्भात करण्याचे कारण असे की, ह्या एका परिसरात अनेक आरोग्ययंत्रणांची क्षेत्रे एकमेकांस येऊन भिडतात. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या अनेक ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा आठ तालुक्यांचा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार महानगराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक होती. येथे महानगरपालिकेचे दवाखाने आहेत, जिल्हा परिषदेची प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, राज्यशासनाची रुग्णालये आहेत, धर्मादाय संस्थांची व खाजगी रुग्णालये आहेत आणि असंख्य लहानमोठ्या प्रयोगशाळा आहेत. गंभीर दुखणे असल्यास रुग्ण लोकलने मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांकडे जातो, म्हणजे दुसऱ्याच महानगरपालिकेच्या हद्दीत प्रवेश करतो.

ह्याच्या जोडीला दुसरा एक प्रवाह आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड ह्या डोंगराळ तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी खाली उतरतात. वसई आणि भिवंडी ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत. पावसाळ्यापूर्वी ती परततात. गरोदर स्त्रीची नोंद डोंगरावरील उपकेंद्रात होते, तिचे अवघड दिवस भट्टीवर जातात आणि प्रसूती कोठे होईल ह्याचा नेम नसतो. माणूस हिंडतो, पण त्याची नोंद जागच्या जागी राहते, ही येथील मूळ अडचण आहे.

(३)

ह्या अडचणीचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजांत आढळतो. जुलै २०२३ मध्ये केंद्रशासनाने ह्या विकाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून सतरा राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक तपासणी बहुधा विद्राव्यता चाचणीने होते. ही चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. ज्या व्यक्तीस माता व पिता ह्यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळाले आहे ती ‘वाहक’ असते व सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. ज्या व्यक्तीस तो दोघांकडून मिळाला आहे ती ‘रुग्ण’ असते. विद्राव्यता चाचणी दोन्ही बाबतींत सकारात्मक येते. भेद ठरविण्यासाठी विद्युत्-संचरण किंवा तत्सम दुसरी चाचणी करावी लागते.

आता समजा, जव्हारकडील एका तरुणीच्या कार्डावर ‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढीच नोंद आहे आणि ती वसईच्या रुग्णालयात प्रसूतीसाठी दाखल झाली आहे. नोंद खोटी नाही, वाचताही येते. पण तिच्यातून पुढच्या डॉक्टराने काय समजावे? ही स्त्री केवळ वाहक असेल, तर पतीचीही तपासणी झाली आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे. कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. ती स्वतः रुग्ण असेल, तर प्रसूती जोखमीची ठरते आणि रक्ताची तजवीज आधीच करावी लागते. दोन्ही शब्द कार्डावर सारखेच उमटले आहेत. हा आपला ‘मण’ होय; फरक एवढाच की येथे चुकीची किंमत पैशांत मोजली जात नाही.

(४)

वैद्यकीय नोंदींत एकसूत्रता असावी ही कल्पना नवी नाही. १८६० साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी रुग्णालयांसाठी समान नमुन्याचे तक्ते मांडले. लंडनमधील काही रुग्णालयांनी त्यांचा प्रयोगही केला. तथापि तो टिकला नाही. ह्याउलट, झाक बर्तियाँ ह्यांनी १८९३ साली मांडलेले मृत्युकारणांचे वर्गीकरण १९०० च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले, ठराविक काळाने सुधारले गेले आणि १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. दोन्ही प्रयत्नांमागील बुद्धी सारखीच तीक्ष्ण होती. परंतु एकास पालक संस्था मिळाली व दुसऱ्यास मिळाली नाही. प्रमाण तयार करणे हे अर्धेच काम असते. त्याची देखभाल करणारी कायमची व्यवस्था निर्माण करणे हे उरलेले अर्धे होय.

(५)

आज आरोग्यक्षेत्रात प्रमाणांचा तुटवडा नाही. किंबहुना ती फार आहेत, हीच अडचण आहे. त्यांतील प्रत्येकाचे प्रयोजन निराळे असल्याने एकास दुसऱ्याच्या जागी बसविता येत नाही. रोगवर्गीकरण हे संख्याशास्त्राचे साधन आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तीत सिकल वाहकास डी ५७.३ आणि तीव्र वेदनांचा झटका नसलेल्या सिकल रुग्णास डी ५७.१ असे संकेत आहेत. ‘स्नोमेड सीटी’ ही त्याहून कितीतरी सूक्ष्म अशी वैद्यकीय संज्ञावली असून रुग्णाच्या तपशीलवार नोंदीसाठी तिचा उपयोग होतो. ‘लॉइंक’ ही १९९४ पासून अमेरिकेतील रीगेनस्ट्रीफ संस्थेने वाढविलेली पद्धती प्रयोगशाळेतील चाचण्यांना नावे देते. मोजला जाणारा घटक, त्याचा गुण, काळ, नमुना, मापनश्रेणी व पद्धती ह्या सहा अंगांनी ती प्रत्येक चाचणी निश्चित करते. त्यामुळे उपाशीपोटी घेतलेली रक्तशर्करा आणि जेवणानंतरची रक्तशर्करा ह्यांची गल्लत होत नाही. क्ष-किरण व तत्सम चित्रांसाठी ‘डायकॉम’ आहे. ह्या सर्वांना एका लिफाफ्यात घालून इकडून तिकडे पाठविण्यासाठी १९८७ साली स्थापन झालेल्या एचएल-सेव्हन संस्थेने ‘फायर’ हा संदेशरचनेचा आराखडा सिद्ध केला आहे.

समन्वयाचा प्रश्न नेमका येथे उद्भवतो. फायरच्या लिफाफ्यात एक रुग्णालय रोगवर्गीकरणाचा संकेत घालील, दुसरे स्नोमेडचा, तिसरे मोकळ्या शब्दांत मजकूर लिहील. आणि तिघेही ‘आम्ही प्रमाण पाळतो’ असे खरेपणाने म्हणू शकतील. म्हणून कोणत्या प्रसंगी कोणते प्रमाण, त्यातील कोणता भाग सक्तीचा व कोणता ऐच्छिक, हे ठरविणारा दुसऱ्या पायरीचा करार लागतो. एका संज्ञावलीतून दुसरीत जाण्याचे कोष्टकही तयार करावे लागते. सूक्ष्मातून स्थूलाकडे जाणे शक्य असते. स्थूलातून सूक्ष्माकडे येता येत नाही. यास्तव मूळ नोंद सूक्ष्म संज्ञेत व्हावी आणि वर्गीकरण तिच्यातून काढावे, असा क्रम इष्ट ठरतो. एककांचीही हीच गोष्ट आहे. हिमोग्लोबिन ११ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ११० ग्रॅम प्रति लिटर ह्या एकाच मापाच्या दोन नोंदी आहेत. एकक गळले की आकडा निरर्थक होतो.

आपल्या देशात ह्या दिशेने पायाभूत काम झाले आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींची प्रमाणे केंद्रशासनाने २०१३ साली जाहीर केली व २०१६ साली सुधारली. २०१४ साली भारत स्नोमेडच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाल्यामुळे ही संज्ञावली देशात विनामूल्य वापरता येते. ह्या प्रमाणांचे राष्ट्रीय साहाय्यकेंद्र पुणे येथील सी-डॅक ह्या संस्थेत आहे, ही महाराष्ट्रातील अभ्यासकांना विशेष सोयीची गोष्ट होय.

(६)

नोंद कशाची आहे हे ठरल्यावर ती कोणाची आहे हे ठरावे लागते. हा प्रश्न वसईत विशेष गुंतागुंतीचा होतो. गोन्साल्वीस, लोपीस ह्यांसारखी येथील ख्रिस्ती कुटुंबांची आडनावे देवनागरीत दोन-तीन प्रकारे आणि रोमन लिपीत आणखी निराळ्या प्रकारे लिहिली जातात. नालासोपारा ह्या गावाचे रोमन लेखनही एकसारखे नाही. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी जाते आणि तेथील दवाखान्यात कित्येकदा माहेरच्या नावाने ओळखली जाते. जन्मतारीख ठाऊक नसेल, तर अंदाजी वर्षापुढे १ जानेवारी लिहून मोकळे होण्याचा प्रघात आहे. अशा स्थितीत नाव व वय ह्यांवरून दोन नोंदी जुळविणारे यंत्र एकतर एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती करील, अथवा दोन व्यक्तींची एक करील. ह्यांतील दुसरी चूक अधिक भयंकर होय. कारण तीत एकीचा रक्तगट दुसरीच्या नावावर जातो.

ऑगस्ट २०२० मध्ये घोषित झालेल्या व २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने ह्यासाठी चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक, रुग्णालयांची सूची आणि वैद्यकीय व्यावसायिकांची सूची अशी तीन साधने दिली आहेत. नोंदी एका मध्यवर्ती कोठारात न साठविता त्या जेथे निर्माण झाल्या तेथेच ठेवाव्यात आणि रुग्णाच्या संमतीने प्रसंगानुसार दुसरीकडे पाठवाव्यात, हे ह्या योजनेचे तत्त्व आहे. तिचा पहिला प्रयोग सहा केंद्रशासित प्रदेशांत झाला. पालघरला लागून असलेला दादरा व नगरहवेली हा प्रदेश त्यांत होता. सीमेवरील पाड्यांतील रुग्ण सिल्वासा येथे उपचारासाठी जातात, हे लक्षात घेतल्यास प्रमाणे राज्याच्या हद्दीपाशी का थांबू शकत नाहीत, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि क्रमांक म्हणजे समजूत नव्हे. ‘सिकल पॉझिटिव्ह’ हीच संदिग्ध नोंद चौदा अंकांच्या आधाराने अधिक वेगाने व अधिक अधिकारवाणीने पोहोचेल, एवढेच. शिवाय संमतीचा प्रश्न आहे. आनुवंशिक विकाराची माहिती ही एका व्यक्तीची नसून कुटुंबाची असते, आणि विवाह जुळविताना तिचा दुरुपयोग होऊ शकतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. पण ज्या स्त्रीस तो वाचता येत नाही तिची संमती खऱ्या अर्थाने संमती ठरावी, ह्याची जबाबदारी कायद्याच्या अक्षरापेक्षा तिच्यासमोर बसलेल्या परिचारिकेवर येऊन पडते.

(७)

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, प्रमाणांचा समन्वय हे केवळ अभियंत्यांचे काम नव्हे. त्यात वैद्यक आहे, संख्याशास्त्र आहे, भाषाशास्त्र आहे आणि लोकप्रशासनही आहे. विद्यापीठातील संशोधकांना येथे निदान तीन कामे करण्यासारखी आहेत. पहिले, जिल्ह्यातील उपकेंद्रे व रुग्णालये ह्यांच्यातील पाठवणीच्या चिठ्ठ्यांचा अभ्यास करून कोणता तपशील वाटेत गळतो, हे मोजून पाहणे. दुसरे, आशा कार्यकर्त्या व परिचारिका प्रत्यक्ष वापरीत असलेल्या मराठी व बोलीभाषेतील संज्ञांचा संग्रह करून त्यांची प्रमाण संज्ञांशी सांगड घालणे. तिसरे, देवनागरी व रोमन लिपींतील नावांच्या जुळणीची पद्धती ह्या परिसरातील नावांवर पारखून घेणे. ह्यांपैकी एकाही कामास मोठी यंत्रसामग्री लागत नाही; चिकाटी आणि क्षेत्रीय पाहणी मात्र लागते.

दशमान पद्धती आली तेव्हा बाजारात नवी वजने पोहोचविणे सोपे होते; ती वापरण्याची सवय लावणे कठीण होते. आरोग्य-नोंदींच्या बाबतीतही वजने तयार आहेत. वीटभट्टीवरून आलेल्या स्त्रीच्या कार्डावर ‘वाहक’ किंवा ‘रुग्ण’ ह्यांपैकी एक शब्द निःसंदिग्धपणे लिहिलेला असेल आणि वसईच्या डॉक्टराला तो जव्हारच्या डॉक्टराच्या अर्थानेच समजेल, तेव्हा समन्वय साधला असे म्हणता येईल.