बोडो एबहार्टचे दोन किल्ले

जर्मनीतल्या किल्ल्यांच्या जतनाचा विषय निघाला की बोडो एबहार्टचे नाव येतेच, आणि त्याच्या मागोमाग वादही येतो. १८६५ साली ब्रेमेनला जन्मलेल्या या माणसाकडे वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. बर्लिनमध्ये तो बराचसा स्वतःच्या बळावर शिकला, धनिकांचे बंगले बांधू लागला आणि त्यातच त्याला किल्ल्यांचे वेड लागले. गडामागून गड मोजायचा, नकाशे काढायचे, छायाचित्रे घ्यायची, असा सपाटाच त्याने लावला. १८९९ साली त्याने जर्मन किल्ल्यांच्या जतनासाठी संस्था काढली आणि ‘डेअर बुर्गवार्ट’ हे नियतकालिकही सुरू केले. कैसर दुसरा विल्हेल्म यालाही मध्ययुगाचे वेड होतेच. दोघांचे जुळायला वेळ लागला नाही.

त्याच वर्षी अल्सासमधल्या सेलेस्ता गावाने होकोनिग्सबुर्ग हा पडका किल्ला कैसरला नजर केला. साडेसातशे मीटरांहून उंच डोंगरावरचा हा किल्ला १६३३ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडिश फौजेने वेढा घालून घेतला आणि जाळला. तेव्हापासून तो ओसाड होता. अल्सास १८७१ साली फ्रान्सकडून जर्मनीकडे आला होता. पूर्वेला मारियनबुर्ग या मध्ययुगीन किल्ल्याची डागडुजी चालूच होती. आता पश्चिम सीमेवरही जर्मन सत्तेची जुनी खूण दिमाखात उभी राहावी, हा कैसरचा हिशेब उघड होता. काम एबहार्टला मिळाले.

हेतू राजकीय असला तरी काम उरकून टाकलेले नव्हते. आधी ढिगारे उपसले, उभ्या असलेल्या भिंती मोजल्या, कागदपत्रे चाळली, त्याच काळातले दुसरे किल्ले पाहिले. खाणीतला दगड वाहून आणायला चक्क वाफेचे इंजिन डोंगरावर चढवले, वाफेवर चालणारी क्रेन लावली, वीज आणली. मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र एक बारीक गोष्ट. नव्याने घडवलेल्या चिऱ्यांवर पाथरवटांकडून खुणा कोरून घेतल्या होत्या. भिंतीजवळ उभे राहून नीट पाहिले की जुने कुठे संपले आणि एबहार्टचे कुठे सुरू झाले, याचा माग काढता येतो. लबाडी करायची असती, तर हा खटाटोप कुणी केला असता?

तरी टीका व्हायची ती झालीच. किल्ल्यांचा अभ्यासक ओटो पीपर तर हात धुऊन मागे लागला. मुख्य बुरुजाच्या रूपावरून तर विशेष वाद झाला. तो गरजेपेक्षा उंच आणि रुबाबदार केला, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. मूळ मुद्दा त्याहून मोठा होता आणि तो गेओर्ग डेहिओ या कलेतिहासकाराने मांडला. २७ जानेवारी १९०५ रोजी, म्हणजे नेमक्या कैसरच्या वाढदिवशी, स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या भाषणात त्याने बजावले की वास्तू आहे तशी जपा, गेलेले पुन्हा उभारू नका. त्याच प्रांतात तेव्हा कैसरचा किल्ला चढत होता. रोख कुणाकडे, हे श्रोत्यांना वेगळे सांगायची गरज पडली नसावी.

१३ मे १९०८ रोजी भर पावसात, जुन्या काळच्या पेहरावातल्या मिरवणुकीसह उद्घाटन झाले. खर्च वीस लाख मार्कांच्या वर गेला होता. आणि उपभोग किती? पहिले महायुद्ध हरल्यावर, १९१९ साली, अल्सासबरोबर हा किल्लाही फ्रान्सकडे गेला.

एबहार्टचे काम थांबले नाही. कोबुर्गच्या भव्य किल्ल्याचे काम त्याने १९०९ ते १९२४ अशी पंधरा वर्षे केले, इटलीतल्या किल्ल्यांवर जाडजूड ग्रंथ काढले, युरोपच्या मध्ययुगीन तटबंदीवर लिहिले. पण त्याची खरी कमाई मी मार्क्सबुर्ग मानतो. ऱ्हाइनच्या मधल्या खोऱ्यात, ब्राउबाख गावावरचा हा एकच डोंगरी किल्ला कधी उद्ध्वस्त झाला नव्हता. नासाउ या जर्मन संस्थानाच्या राजवटीत तिथे तुरुंग होता, अपंग सैनिकही ठेवलेले असत; पुढे तो प्रशियाकडे आला. १९०० साली कैसरच्या मदतीने एबहार्टच्या संस्थेने तो एक हजार सुवर्णमार्कांना विकत घेतला. इथे कल्पनेला फारसा वाव नव्हता आणि तेच बरे झाले. बुरुजाचा पाडलेला वरचा भाग पुन्हा चढवताना चित्रकार विल्हेल्म डिलिखने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली चित्रे हाताशी होती.

एबहार्ट १३ फेब्रुवारी १९४५ रोजी याच किल्ल्यावर वारला. पुढच्याच महिन्यात नदीपलीकडून अमेरिकन तोफांचे गोळे आले आणि किल्ल्याचे बरेच नुकसान झाले. त्याच्या संस्थेने तो दुरुस्त केला. संस्थेचा कारभार आजही तिथूनच चालतो.

होकोनिग्सबुर्गला फ्रेंच आता ओ-कोनिग्सबूर म्हणतात. वर्षाला पाच लाखांच्या आसपास लोक तो पाहायला येतात. १९९३ पासून तो संरक्षित ऐतिहासिक स्मारक आहे, तोही एबहार्टने केलेल्या भरीसकट. म्हणजे डेहिओचा नियम आता एबहार्टच्याच कामाला लागू झाला: आहे तसे जपायचे!