गिळता येणारा कॅमेरा

आपले लहान आतडे म्हणजे सुमारे वीस फूट लांबीची, पोटात वेटोळे घालून बसलेली नळी. तोंडावाटे घातलेल्या नेहमीच्या दुर्बिणीने तिचा आरंभ तेवढा दिसतो. गुदद्वारावाटे घातलेली दुर्बीण मोठ्या आतड्यापुरती. मधला सारा प्रदेश डॉक्टरांना जवळजवळ अंधारातच होता. रोग्याच्या अंगातले रक्त महिनोन्महिने कमी होत जावे, ते आतड्यात झिरपते आहे असा दाट संशय यावा, आणि नेमके कोठे हे मात्र कधी कधी पोट उघडल्यावाचून कळू नये, अशी स्थिती होती.

या अंधारात दिवा नेला तो एका इस्रायली इंजिनिअराने. गॅव्रिएल इदान हे क्षेपणास्त्रांना लक्ष्य दाखवणाऱ्या 'डोळ्यां'वर काम करीत. १९८१ मध्ये एका पोटविकारतज्ज्ञाशी बोलताना त्यांच्या मनात आले, की क्षेपणास्त्राला डोळा देता येतो, तर गोळीला का देता येऊ नये? कल्पना सुचली खरी. पण थोड्या विजेवर चालणारा चिमुकला कॅमेरा मिळेपर्यंत बरीच वर्षे गेली. २००१ मध्ये अमेरिकेत या कॅप्सूलला मान्यता मिळाली.

तिची रुंदी ११ मिलिमीटर आणि लांबी २६ मिलिमीटर. आत कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि रेडिओप्रमाणे संदेश धाडणारे यंत्र. रोग्याच्या पोटावर संवेदक लावतात आणि कमरेला नोंदयंत्र बांधतात. संदेश कोणत्या संवेदकाकडे अधिक जोराने येतो, यावरून गोळी कोठे आहे याचा अदमास लागतो. सेकंदाला दोन चित्रे, असे आठ तास. म्हणजे पन्नास हजारांहून अधिक चित्रे! रोगी घरी जातो. डोळे शिणतात ते डॉक्टरांचे.

मात्र ही गोळी म्हणजे प्रवाहात सोडलेली होडी. आतड्याच्या आकुंचनाने ती पुढे ढकलली जाते. थांब म्हटले तर थांबत नाही, मागे वळत नाही. आतडे कोठे अरुंद झाले असेल तर ती अडकून बसते आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाने असे अरुंदपण येते, म्हणून तसा संशय असल्यास आधी विरघळणारी नमुन्याची गोळी देऊन वाट मोकळी आहे की नाही ते पाहतात.

मग तिला हातपाय का देऊ नयेत? अडचण शक्तीची आहे. यंत्र लहान केले की बॅटरीही लहान होते, आणि चालण्या-पकडण्याइतके बळ तिच्यात उरत नाही. म्हणून संशोधकांनी बळ बाहेर ठेवले, चुंबकात. बाहेरून चुंबकाने वळवता येणाऱ्या कॅप्सूलला जठराच्या तपासणीसाठी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याआधी, २०१६ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत डॅनिएला रुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडी घातलेला एक यंत्रमानव बर्फाच्या गोळीत बसवला. त्याचे अंग डुकराच्या वाळवलेल्या आतड्याचे, पोटात एक चुंबक. बर्फ वितळला की घडी उलगडते, आणि बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राच्या ओढीने तो सरकतो. काम कोणते, तर मुलाने गिळलेली बटणाएवढी बॅटरी जठरातून हलवणे! हा प्रयोग अर्थात जिवंत मुलावर नव्हे, सिलिकोनच्या कृत्रिम जठरात झाला.

घड्याळातील किंवा खेळण्यातील अशी बॅटरी ओल्या त्वचेला चिकटली की विजेच्या क्रियेने तेथे दाहक अल्क तयार होते. अन्ननलिकेत ती अडकली, तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. तेथे आजही डॉक्टर दुर्बिणीनेच ती बाहेर काढतात. तेव्हा मुलाने बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे.