पशुपतिनाथ यात्रा : फोन आणि रोख रक्कम यांची पूर्वतयारी
(नेपाळला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या माहितीसाठी)

उज्जयिनीत महाकालेश्वराचे नित्य दर्शन घेणाऱ्या अनेक भाविकांच्या मनात आयुष्यात एकदा तरी काठमांडूस जाऊन श्री पशुपतिनाथांचे दर्शन घ्यावे, अशी इच्छा असते. फ्रीगंज व आसपासच्या वसाहतींतून दरवर्षी अनेक मंडळी, विशेषतः सेवानिवृत्त दांपत्ये, या यात्रेस निघतात. त्यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे दोन प्रश्न म्हणजे, तेथे आपला मोबाईल चालेल काय, आणि आपले पैसे चालतील काय? त्यांचे उत्तर सविस्तर देणे उपयुक्त ठरेल, म्हणून हा लेख.

नेपाळला जाण्यास भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही. गोरखपूरहून सडकेने सोनौलीस पोहोचावे आणि कमानीखालून पायी पलीकडे जावे, इतकी ही सीमा सोपी आहे. त्यामुळे आपण परदेशात आलो, हे यात्रेकरूच्या ध्यानातच येत नाही. परंतु मोबाईल कंपनी आणि बँक यांच्या दृष्टीने तो पूर्णपणे परदेश होय. या यात्रेत होणाऱ्या बहुतेक गैरसोयींचे मूळ येथेच आहे.

रोख रकमेविषयी

१९९३ पासून भारतीय व नेपाळी रुपयाचा विनिमय दर स्थिर आहे : भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये. हिशेब सोपा व्हावा म्हणून नेपाळी ८०० म्हणजे भारतीय ५०० हे प्रमाण लक्षात ठेवावे. तेथील दुकानदार भारतीय चलनास ‘आयसी’ व नेपाळी चलनास ‘एनसी’ म्हणतात. किंमत ऐकताच ‘आयसी की एनसी?’ असे विचारून घ्यावे. न विचारल्यास दीडपटीहून अधिक रक्कम हातची जाऊ शकते.

नोटांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांच्या वापरावर बंदी घातली होती. मोठ्या नोटांविषयीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून प्रस्थानाच्या आठवड्यातच बँकेत अथवा यात्रा आयोजकांकडे ताजी माहिती घ्यावी. शंभर व त्याखालील नोटांना ही अडचण नाही. सबब फ्रीगंजातील आपल्या बँकेतून शंभराच्या नोटा आधीच मागून घ्याव्यात. सीमेवर किंवा विमानतळावर पहिल्या एक-दोन दिवसांपुरते नेपाळी चलन घ्यावे. परतताना उरलेले नेपाळी रुपये सीमेवरच बदलावेत; उज्जैनमध्ये ते सहज बदलून मिळत नाहीत.

एटीएम कार्ड नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी दिले जाते. परदेशातील वापर खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. हे काम घरी पाच मिनिटांत होते, काठमांडूत मात्र फार कठीण जाते. मार्च २०२४ पासून नेपाळमधील अनेक दुकानांत यूपीआयने पैसे देण्याची सोयही झाली आहे. त्यासाठी आपली बँक ही सेवा देते काय ते पाहावे आणि ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा. अर्थात, इंटरनेट नसेल तर यूपीआयही नाही. म्हणून पहिल्या दिवसाचा खर्च रोखीनेच करण्याची तयारी असावी.

मोबाईलविषयी

आपले भारतीय सिम नेपाळमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चालते. देशांतर्गत योजनेतील मोफत कॉल व डेटा तेथे लागू होत नाहीत. थोड्या दिवसांसाठी रोमिंगची योजना निघण्यापूर्वी घ्यावी, किंवा तेथे नेपाळ टेलिकॉम अथवा एनसेल यांचे सिम घ्यावे. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर ते मिळते. पासपोर्ट असल्यास तो व दोन छायाचित्रे जवळ ठेवावीत.

दोन सिमचा फोन असल्यास भारतीय सिम काढू नये. त्याचे डेटा रोमिंग बंद ठेवावे, पण सिम चालू असावे. कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. रोमिंग मुळातच सुरू नसेल, तर हा संदेशही येणार नाही. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲपने क्रमांक बदलण्याविषयी विचारल्यास जुनाच कायम ठेवावा. घरच्या सर्वांचे क्रमांक आरंभी +९१ लावून जतन करावेत, म्हणजे नेपाळी सिमवरूनही फोन लागेल. ते एका कागदावरही लिहून घ्यावेत.

प्रत्येकाजवळ असावे

यात्रेत फोन आणि पैसे बहुधा एकाच व्यक्तीकडे, म्हणजे कुटुंबप्रमुखाकडे किंवा पुढाऱ्याकडे असतात. पशुपतिनाथाच्या गर्दीत वयोवृद्ध आई किंवा काकू मागे राहिल्या, तर त्यांच्याजवळ ना पैसा, ना फोन, ना उतरण्याच्या धर्मशाळेचे नाव. म्हणून प्रत्येक यात्रेकरूजवळ थोडे नेपाळी पैसे, निवासस्थानाचा पत्ता व दोन दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी असलीच पाहिजे.

सप्टेंबर २०२५ मधील प्रसंग आठवावा. त्या महिन्याच्या आरंभी नेपाळ सरकारने व्हॉट्सॲपसह अनेक समाजमाध्यमे बंद केली. पुढे आंदोलन उसळले, काठमांडूत संचारबंदी लागली आणि विमानतळही काही काळ बंद राहिला. अशा वेळी खिशातील रोख रक्कम व साधा फोन करण्याइतकी शिल्लक हाच आधार असतो.

पूर्वी काशीयात्रेस निघणारे लोक सावकाराकडे रक्कम भरून हुंडी घेत, म्हणजे वाटेत जोखीम राहत नसे. साधने बदलली, तरी पुढच्या मुक्कामाची व्यवस्था घरून निघण्यापूर्वीच करावी, ही त्यामागची दूरदृष्टी आजही तितकीच उपयोगाची आहे.

सर्व यात्रेकरूंचा प्रवास सुखरूप होवो, ही प्रार्थना.

– सचिव