रक्तवाहिनीची वाट चुकते तेव्हा...

५ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेतील पॅसाडेना येथे बास्केटबॉल खेळता खेळता पीट मॅराविच कोसळला आणि मरण पावला. वय अवघे ४०. तब्बल दहा मोसम व्यावसायिक बास्केटबॉल गाजविलेल्या या खेळाडूच्या हृदयाला डावी करोनरी धमनी जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात उघड झाले.

हृदयविकार म्हटला की चरबी साचून अरुंद झालेली रक्तवाहिनी आपल्या डोळ्यांसमोर येते. जन्मजात दोषात मात्र वाहिनी बहुधा स्वच्छ असते. चुकलेली असते ती तिची वाट. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या डाव्या व उजव्या करोनरी धमन्या महाधमनीच्या मुळाशी उगम पावतात. साधारण शंभरातील एका व्यक्तीमध्ये हा उगम किंवा पुढचा मार्ग वेगळा असतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. खरा धोका असतो तो डावी धमनी उजव्या बाजूला उगम पावून महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या मधून जाते तेव्हा. अशा धमनीचे तोंड बहुधा फटीसारखे अरुंद असते आणि सुरुवातीचा काही भाग महाधमनीच्या भिंतीतूनच जातो. जोराच्या श्रमात महाधमनी फुगते, धमनी दबते आणि नेमकी गरज असताना रक्त कमी पडते.

विश्रांतीच्या वेळी मात्र सारे ठीक असते. म्हणूनच ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट येथे फसवतात. अशा दोषाने दगावलेल्या २७ तरुण खेळाडूंचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सहा जणांची स्ट्रेस टेस्ट हयातीत झाली होती आणि सहाही जणांची नॉर्मल आली होती!

नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीतही अडचण असते. तिच्यात वाहिनीची सपाट सावली दिसते. ती महाधमनीच्या पुढून जाते की मागून, हे अनेकदा तर्कानेच ठरवावे लागते. सीटी स्कॅन ही उणीव भरून काढतो. २००४ च्या सुमारास आलेल्या ६४ स्लाइस यंत्रांमुळे धडधडत्या हृदयाचीही स्पष्ट चित्रे मिळू लागली. गरज असल्यास औषधाने नाडीचा वेग साठच्या आसपास आणतात, हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देतात आणि रुग्णाने काही सेकंद श्वास रोखला की ईसीजीच्या तालावर चित्रे घेतली जातात. त्यांतून संगणक त्रिमितीय आकृती उभी करतो. धमनी कोठून निघाली, कोणत्या कोनात वळली, कोणत्या दोन वाहिन्यांमधून गेली, हे त्यात दिसते. शल्यविशारदाला हवा असतो तो हाच नकाशा.

याचा अर्थ प्रत्येक मुलाचा स्कॅन करावा, असा मुळीच नाही. क्ष-किरणांची मात्रा आता घटली असली तरी ती शून्य नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आयोडीनबाबत जपावे लागते. लहान मुलांमध्ये आधी इकोकार्डिओग्राफी होते, काहींना एमआरआय सोयीचा ठरतो. पण ऐन धावताना, पोहताना किंवा खेळताना भोवळ आली वा छातीत दुखले, तर 'उन्हामुळे झाले असेल' म्हणून सोडून देणे घातक ठरू शकते. श्रमानंतर थांबल्यावर येणाऱ्या चक्करेपेक्षा ऐन श्रमात हरपलेली शुद्ध अधिक गंभीर मानली जाते.

डावी धमनी अशा धोक्याच्या वाटेने जात असेल, तर सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. उजवी तशी आढळली आणि त्रास काहीच नसेल, तर काय करावे, याबाबत मात्र तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत.